राहू दे

नागपूर, कोष्टीपुरा
१७ ऑगस्ट १९५३

पोरी कौशल्ये,

पंचमीले तुले आणायले म्हणून उमरेडले आलो आणि तुले न घेताच परतीच्या गाडीत बसलो, त्याले आज तीन दिवस झाले. तू समजली असशील की बाबा रागावले. देवाशपथ सांगतो, राग नव्हता.

तू पाण्याचा लोटा घेऊन ओसरीवर आली. मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते आणि खालचा ओठ सुजला होता. मी विचारलं, "हे काय झालं वं?" तू खाली पाहून म्हणाली, "राहू द्या, बाबा." बस, एवढंच. आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

मग मी जेवलो. हो, जेवलो. वांग्याची भाजी होती. भात पाहिजे होता तं तोंडानं मागितला नाही, ताट पुढं सरकवलं. तुझी सासू म्हणाली, "आता कामाचे दिवस आहेत, नवरात्रात पाठवू," आणि मी मान हलवली. तुझा नवरा केशव समोर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरून राहिला होता. त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. तू दारापर्यंत आली, पाया पडली, मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. छोट्या गाडीत शेजारचा माणूस विचारून राहिला, "कुठं जाता गा?" त्यालेही उत्तर दिलं नाही. बिचारा समजला असेल की म्हातारा बहिरा आहे.

घरी आल्यापासून तुझ्या मायशी एक शब्द बोललो नाही. ती विचारते, "पोरगी कशी आहे? काहून नाही आली?" मी मागावर बसतो आणि धोटा फेकत राहतो. पहिले तू मधे होती. "बाबाले सांग जेवायले वाढलं", "मायले सांग मी येतो", असे तुझ्या तोंडून आमचे महिने निघत. आता तुळजाबाई भिंतीशी बोलते. "भिंती, यांना विचार वं, माझी पोरगी जिवंत आहे का?" काल असं म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. तरी मी गप्प. असा गाढव तुझा बाप आहे.

लिहायले मात्र अडत नाही. हात चालतो. म्हणून विचारतो, केशव मारतो काय? खरं लिहून कळव. एक कार्ड टाक.

तुझे बाबा,
जागेश्वर

*

१० सप्टेंबर १९५३

कौशल्ये,

तुझं कार्ड आलं नाही. पोस्टमनची वाट पाहतो आणि तो दारावरून निघून जातो.

काल मारबतीची मोठी बाहुली निघाली. तुले माहीत आहे, सारी गल्ली बाहेर येते आणि जो तो आपलं दुखणं ओरडून तिच्यासंग पाठवतो. कोणी म्हणे ताप घेऊन जा, कोणी म्हणे ढेकणं घेऊन जा. तुझी माय कमरेले पदर खोचून गल्लीच्या मधात उभी राहिली आणि घसा फाडून ओरडली, "आमच्या मालकाचा अबोला घेऊन जा गे मारबत!" सारी गल्ली हसली. मलेही हसू आलं. पण तोंड काही उघडलं नाही. मारबत गेली, जळली, आणि अबोला घरीच राहिला.

मग आज सकाळपासून मागावर बसून मी एक काम केलं. आयुष्यात किती अबोले धरले ते आठवत बसलो. आम्हा विणणाऱ्याले तारखा आठवत नाहीत, लुगडी आठवतात. जांभळ्या काठाचं लुगडं मागावर होतं तेव्हा तुझ्या मायशी सव्वा महिना बोललो नव्हतो. इतकी वर्षं मी समजत होतो की भाजीत मीठ कमी होतं म्हणून. पण मिठाचं नव्हतंच. मी म्हणालो होतो, "मी टाकतो मीठ," आणि ती डबा ओढून म्हणाली होती, "राहू द्या." सोसायटीच्या सभेत मी खराब सुताबद्दल बोलायले उठलो होतो तं अध्यक्ष म्हणाला, "राहू द्या जागेश्वरजी, बसा." नऊ महिने सोसायटीचं तोंड पाहिलं नाही. लोक समजले, मोठा मानी माणूस आहे. कशाचा मानी!

आणि तुझं. तू अकरा वर्षांची होती. दप्तराचा बंद तुटला होता, मी शिवायले सुई घेतली आणि तू म्हणाली, "राहू द्या बाबा, मी शिवते." धोतरजोडी मागावर होती, लाल काठाची. ती उतरेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू रोज माझे जोडे पुसून दाराशी सरळ ठेवायची. मले दिसत होतं. 

सगळीकडे तोच एक शब्द निघाला, पोरी. कोणी शिवी दिली तं मी शिवी देतो. कोणी हात उगारला तं मी काय कमी आहे? पण 'राहू दे' ऐकलं की दाराले आतून आडणा पडल्यासारखं होतं. प्रेमानं म्हणा, तिरस्कारानं म्हणा, सारखंच. ओसरीवर तू तोच शब्द म्हणाली.

तुझा दोष सांगून नाही राहिलो. तुले माहीत होतं म्हणून म्हणाली काय? मलेच माहीत नव्हतं.

कार्ड टाक.

बाबा

*

२८ सप्टेंबर १९५३

कौशल्ये,

दोन गोष्टी सांगतो. दोन्ही मी कोणाले सांगितल्या नाहीत, तुझ्या मायलेही नाही. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत टाक. तुझ्या घरी तुझ्याशिवाय कोणाले अक्षर येत नाही म्हणून निर्धास्त लिहितो.

पहिली. लहानपणी मी अडखळत बोलत होतो. साधं नाही, भयंकर. गल्लीतली पोरं मले हकल्या म्हणत. एक शब्द काढायले मले जेवढा वेळ लागे तेवढ्यात त्यांचा एक डाव खेळून होई. माझे वडील नत्थूजी हाताचे कसबी पण घाईचे माणूस. मी तोंड उघडलं की म्हणायचे, "राहू दे बे, समजलो." समजायचे काहीच नाही.

मी नऊ वर्षांचा असताना मानमोडीची साथ आली. घरोघरी माणसं पडली होती. माझी माय आत तापानं फणफणत होती. वडील गल्लीच्या टोकाशी उभ्या सुताचा ताणा पसरून त्याले खळ लावून राहिले होते. खळ ओली आहे तोवर कुंचा फिरवावा लागतो, वाळली तं सारा ताणा वाया जातो. माय मले म्हणाली, पाणी दे. मडकं रिकामं होतं आणि विहीर ओढायची मले ताकद नव्हती. मी पळत वडिलांकडे गेलो. "मा... मा... मा..." पुढं निघेचना. ते म्हणाले, "राहू दे बे, तुझं होईपर्यंत ताणा वाळेल. मग सांग. तो कुंचा धर." मी कुंचा धरला. ताणा पुरा होईपर्यंत धरून उभा राहिलो. घरी आलो तं शेजारची बाई मायच्या तोंडावर पदर ओढून राहिली होती.

पुढं पंधरा-सोळाव्या वर्षी अडखळणं गेलं. लोक म्हणाले देवाची कृपा. ते गेलं नव्हतं, मी लपवायले शिकलो होतो. जो शब्द अडेल असं वाटे तो बोलायचाच नाही. आणि 'राहू दे' ऐकलं की सगळेच शब्द अडतील असं वाटे, म्हणून एकही बोलायचा नाही.

आता दुसरी. 

तुझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी मी उमरेडले गेलो होतो. तिथं एका ओळखीच्या विणकरानं मले बाजूले घेऊन सांगितलं की केशवची पहिली बायको वच्छला हैजाच्या साथीनं नाही मेली. तिनं विहिरीत उडी घेतली. सासू उपाशी ठेवत होती आणि नवरा मारत होता, आळीत सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. मी तसाच गाडीत बसलो. घरी आलो तं तुझा मामा मारोतराव पाट मांडून लग्नपत्रिकेले कुंकू लावून राहिला होता. हे स्थळ त्यानंच आणलं होतं. मी म्हणालो, "मारोतराव, एक गोष्ट..." तो मान वर न करता म्हणाला, "राहू द्या भाऊजी, आता काही काढू नका. अक्षता आठ दिवसांवर आल्या."

कौशल्ये, मी आठ दिवस बोललो नाही. लोकांना वाटलं, एकुलती एक पोरगी जाते म्हणून बापाले दुःख झालं. मांडवात मी या हातानं तुझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

माफ कर असं म्हणायले मले तोंड नाही. पण तू आता जाणून अस. त्या विहिरीजवळ एकटी जाऊ नको. काही झालं तं निघून ये, बाप तुले दारातून परत पाठवणार नाही.

बाबा

*

१९ ऑक्टोबर १९५३

कौशल्ये,

काल दसरा झाला. आधी घरचं सांगतो, मग ते सांगतो.

मी तुझ्या मायले सगळं सांगितलं. तिले वाचता येत नाही, म्हणजे तोंडानंच सांगावं लागलं. ती भाकऱ्या थापून राहिली होती. मी चुलीसमोर बसलो आणि "तु... तु... तुळजा" असं सुरू झालं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं माझं हे बोलणं कधी ऐकलं नव्हतं. परातीतला हात तिथंच राहिला. आधी वाटलं माझ्या अंगावरून वारं गेलं, ती वैद्याले बोलवायले उठली. मग समजली. वच्छलाचं ऐकलं तेव्हा तिनं परात भिंतीवर फेकली. मले म्हणाली, "तुम्ही बाप आहात का कोण आहात?" 

दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "उठा. हा तुमचा आडणा काढू." मग आमचं एक वेड सुरू झालं. ती दिवसातून वीसदा मले 'राहू द्या' म्हणते. पाणी भरताना, सुताच्या कांड्या देताना, जेवता जेवता मधेच. आणि मी लगेच काहीतरी बोलायचं, काहीही. पहिल्या दिवशी मी ताटावरून उठून मागावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पितळी भिरकावली. शेजारची शोभाताई विचारायले आली की दोघांत काय चाललं आहे. तुझी माय म्हणाली, "दवा देऊन राहिली आहे."

पाचव्या-सहाव्या दिवशी मले एक गोष्ट उमगली. अडखळणं आलं तं येऊ दिलं, तं तोंड उघडतं. घट्ट मिटतं ते अडखळणं लपवायले. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि अजून गल्लीतली पोरं हकल्या म्हणतील म्हणून भीत होतो! ती पोरं मेली किंवा म्हातारी झाली. परवा तुळजा म्हणाली, "राहू द्या," आणि मी म्हणालो, "का... का... काहून राहू देऊ?" ती हसली नाही. तिनं मले गुळाचा खडा दिला, लहान पोराले देतात तसा.

आता ते.

काल मारोतराव सोनं द्यायले आला. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि सहज म्हणाला, "कौशल्याचा डावा हात मोडला म्हणे. ओसरीवरून पडली. पंधरा-सोळा दिवस झाले."

मी दिवस मोजले. माझं पत्र अठ्ठावीसले टाकलं होतं. एकोणतीस, तीस, एक, दोन. हे कसं जुळलं ते मले समजत नाही. तिथं कोणाले अक्षर येत नाही. पण जुळलं आहे.

मी म्हणालो, मी तिले आणायले जातो. मारोतराव म्हणाला, "राहू द्या भाऊजी, सासरची गोष्ट आहे, दिवाळीले येईलच ना ती." मी त्याले तोंडावर सांगितलं. फार वेळ लागला सांगायले, तो घाबरून ऐकत राहिला. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही, शिव्या होत्या.

हे पत्र टाकत नाही. खिशात ठेवतो. उद्या सकाळच्या गाडीनं येतो.

*

घर, ५ नोव्हेंबर १९५३

कौशल्ये,

उद्या दिवाळी आहे. तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली आहे. तुले आणून सोळा दिवस झाले आणि तू माझ्याशी बोलली नाही. मायशी दोन शब्द बोलते. माझ्याशी नाही. बरोबर आहे. अबोला कसा असतो हे मी दुसऱ्याकडून शिकायले नको. म्हणून हे लिहून तुझ्या उशाशी ठेवतो.

उमरेडले काय झालं ते तू पाहिलं. पण तुझ्या घरी पोचायच्या आधी काय झालं ते तू पाहिलं नाही.

स्टेशनावरून येताना मले एक पोस्टमन भेटला. मी केशवचं नाव घेऊन तुझी खबर विचारली तं तो थबकला. म्हणाला, "नागपूरचे जागेश्वरजी तुम्हीच काय? मी बाबनराव. तुमची तिन्ही पत्रं मीच वाचली." मी म्हणालो, वाचली म्हणजे? तो म्हणाला, "म्हणजे वाचून दाखवली. त्या घरात पत्र आलं की म्हातारी अंगणात खाट टाकते आणि मले बसवते. आमच्याकडे सगळीकडे हेच आहे, वाचता न येणाऱ्या घरी आम्हीच वाचून देतो. सुनेच्या हाती पत्र कोण देते? सून दाराआड उभी राहून ऐकते."

 मले हे माहीत नव्हतं काय? विसरलोच होतो मी. माझ्या लहानपणी आमच्याही गल्लीत पोस्टमन असाच ओट्यावर बसून पत्र वाचायचा. मी चौथी शिकलो, तुले चौथी शिकवली, आणि बाकी जग कसं चालतं ते विसरलो. पाकिटावर तुझं नाव लिहिलं की ते तुझ्या हाती पडेल असं समजलो.

बाबनराव रस्त्यातच उभा राहून बोलत होता आणि त्याले स्वतःले घाम फुटला होता. "तिसरं पत्र मी अर्ध्यात थांबवलं, जागेश्वरजी. म्हणालो, पुढं अक्षर लागत नाही. पण थांबलो ते विहिरीचं वाचून झाल्यावर. तोंडातून निघून गेलं. चुलीत टाक म्हणून वरतीच लिहिलं होतं तुम्ही, तेही वाचलं मी." मग म्हणाला, "तुमच्या पोरीनं आतून भांडं पाडलं. मी तसाच निघालो."

म्हणजे जी गोष्ट मी लग्नाच्या आधी चार माणसांत बोललो नाही, ती त्यानं माझ्या वतीनं अंगणात बोलून दाखवली, तुझ्या सासूसमोर, तू एकटी दाराआड असताना. मी बोललो असतो तं लग्न मोडलं असतं. मी लिहिलं म्हणून हात मोडला.

पुढचं तुझ्यासमोर झालं. पण माझ्या तोंडात काय चाललं होतं ते तुले दिसलं नसेल. तू डावा हात फडक्यात बांधून चुलीजवळ उभी होती. मी म्हणालो, पोरीले घेऊन जातो. तुझी सासू गोड आवाजात म्हणाली, "राहू द्या तिले. हात बरा झाला की आम्हीच पाठवू." तोच शब्द. आणि या खेपेले तो नुसता शब्द नव्हता, तुले तिथं राहू द्यायचं होतं मी. आडणा पडला. मी उभा राहिलो. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तुले वाटलं, झालं, आता बाबा जेवतील आणि जातील. तुझं ते मान खाली घालणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग मी म्हणालो, "ना... ना... ना... नाही राहू देत."

केशव हसला. "ना-ना-ना" करून माझी नक्कल केली. जन्मभर ज्याले भीत होतो तेच झालं, आणि खरं सांगतो पोरी, काहीच झालं नाही. शेजारपाजारचे कुडापाशी जमले. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि बोलायले लागलो. "व... व... व... व..." पुढं निघेचना. पण आळीतल्या प्रत्येक माणसाले कळत होतं की मी कोणतं नाव काढून राहिलो आहे. बायका तोंडाले पदर लावून वाट पाहून राहिल्या होत्या. केशवचं हसणं थांबलं. मी थांबलो नाही, "व... व... वच्छ..." आणि तुझी सासू किंचाळली, "राहू द्या, राहू द्या! घेऊन जा तिले!"

मी तुझा चांगला हात धरला आणि निघालो. बस, एवढीच माझी मर्दुमकी. त्याचा डांगोरा पिटायले हे लिहिलं नाही.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर काय म्हणाला ते तुझ्या मायनं तुले सांगितलं नाही. मी सांगतो, तुझ्यापासून आता काही लपवणार नाही. तो म्हणाला, "कोपराशी मोडलं होतं. कोणी बसवलं नाही, तसंच वाकडं जुळलं. आधी आणायचं होतं. आता हा हात सरळ होणार नाही." मी विचारलं, धोटा फेकता येईल काय? त्यानं मान हलवली. पंचमीले मी तुझं मनगट पाहिलं होतं. तेव्हा हात धडधाकट होता.

मी रोज तुझ्या दाराशी येऊन बोलणार आहे. अडखळत बोलीन, तुले कंटाळा येईल. तू उत्तर देऊ नको. तुझे जोडे पुसून ठेवले आहेत.

बाबा

*

घर, ११ जानेवारी १९५४

कौशल्ये,

आज सकाळी तू चरख्यावर बसली. उजव्या हातानं चाक फिरवून राहिली होती आणि वाकड्या हाताच्या दोन बोटांत सूत धरून कांडी भरून राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी मागावरून चोरून पाहत होतो. सूत तुटलं. गाठ मारायले दोन हात लागतात, तू दातात धरून पाहिलं, जमलं नाही. मी मागाच्या खड्ड्यातून उठून तुझ्याजवळ आलो आणि सुताले हात घातला.

तू म्हणाली, "राहू द्या."

एकोणऐंशी... नाही, त्र्याऐंशी दिवसांत माझ्याशी पहिला शब्द. आणि शब्द तोच! माझं तोंड जुन्या सवयीनं मिटलंच. तुझी माय चुलीजवळून वळून पाहून राहिली होती, तिच्या हातातली फुंकणी हलत नव्हती. मग मी म्हणालो, "का... का... काहून रा... राहू देऊ?"

तू माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "लिहिलं काहून, बाबा? यायचं होतं."

मी उत्तर द्यायले लागलो. "मी... मी... मी..." असं सुरू झालं आणि अडलं ते अडलंच. घाम आला. तुळजाच्या तोंडून "राहू..." एवढं निघालं आणि तिनं जीभ चावली. तू चरख्यावरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. वाट पाहत बसली. घाई केली नाही, माझा शब्द तुझ्या मनानं पुरा केला नाही, मान फिरवली नाही. जन्मात माझ्या बोलण्यासाठी असं कोणी बसलं नव्हतं. आणि ज्या पोरीनं बसायले नको तीच बसली.

मले तेवढ्यात रडू फुटलं आणि मी मागावर पळून आलो. उत्तर राहिलं.

आता हे लिहायले बसलो तं हात सरळ चालून राहिला आहे, उत्तर कागदावर येऊन राहिलं आहे, सगळं, एकही अक्षर न अडता. तू म्हणाली ते याच्याबद्दलच म्हणाली.

म्हणून उत्तर लिहीत नाही. तू अजून चरख्याशी बसली आहे, सूत तसंच तुटलेलं आहे. मागापासून तिथवर सात पावलं आहेत. येतो.